चावडीची पायरी

२ जानेवारी १९४९

आज तिसगावच्या बाजारात बटणं घेत होतो. शेजारी उभ्या असलेल्या एका माणसाने विचारलं, "काय खलिफा, तुमी अजून हितंच?" मी म्हणालो, "मग कुठं असायला पाहिजे?" तो हसला आणि चालता झाला. माणूस अनोळखी; खलिफा तर इकडे कुठल्याही मुसलमान शिंप्याला म्हणतात. सदऱ्याची कॉलर घरी शिवलेली आणि वाकडी, एवढंच लक्षात राहिलं. हसण्यात खोट होती की नव्हती ते सांगता येत नाही. पण सगळी वाट मी तेच चघळत आलो. गावात शिरलो तेव्हा बटणांची पुडी बाजारातच विसरल्याचं लक्षात आलं.

गेल्या भाद्रपदात पलीकडे निजामाच्या हद्दीत फौज शिरली आणि चार दिवसांत राज्य बदललं. ती हद्द आमच्या गावापासून फार लांब नाही. त्या दिवसांत पलीकडची काही कुटुंबं गाठोडी घेऊन इथून गेली, ती मी दुकानात बसून पाहिली. आमच्या गावात मला कुणी वाकडा शब्द बोललं नाही, हे अल्लाला स्मरून लिहितो. पण दिवाळीपासून दुकानात कुणी येतही नाही. कापड सध्या रेशनवरच मिळतं आणि राधाकृष्ण शेठच्या रेशन दुकानात ते आलेलंच नाही, हे खरं. पण जुनं उसवलेलं तरी माणसं आणतात की नाही? मला वाटतं, गावाने मला मनातून सोडलं. माणसं तोंडावर बोलत नाहीत, एवढंच.

घरी बायकोला, मेहताबला, यातलं काही सांगितलं नाही. बाईमाणसाला कशाला घोर.

५ जानेवारी

धाकटा भाऊ शमशेर मुंबईहून आला आणि जेवून गेला. तिकडे त्याचा शिवणकारखाना बरा चालतो. म्हणाला, "भाईजान, मशीन उचला आणि चला. तुम्ही तर इथले नाहीतच. बायकोच्या गावात राहिलेला माणूस."

बोलणं झोंबलं, पण खोटं नाही. माझा जन्म नगरचा, शाळा नगरची. हैदरभाई शिंप्यांना मेहताब एकुलती एक लेक, म्हणून मी घरजावई झालो. ते गेले आणि त्यांच्या मशीनवर मी बसलो. एवढी वर्षं झाली तरी एक मिशन शाळेचे मास्तर सोडले तर गावात मला कुणी पीरमहंमद म्हणत नाही. बायका 'दाजी' म्हणतात, म्हातारे 'जावईबापू'. जावई म्हणजे पाहुणाच की.

शमशेर फेब्रुवारीअखेर परत येणार आहे. तोवर होय की नाही ते ठरवायचं. आम्ही बोलत होतो तेव्हा मेहताब पडद्यामागे भाकऱ्या थापत होती. भाकरी थापताना तिला दुसरं काही ऐकू येत नाही, ते एक बरं आहे. आजच्या भाकऱ्या मात्र करपल्या होत्या.

१५ जानेवारी

काल संक्रांत झाली. मेहताब तिळगूळ घ्यायला म्हणून गेली ती दिवेलागणीला उगवली. दरवर्षी चार घरं करते, यंदा सारी पेठ आळी केली. आज पुन्हा गेली. गुडघे दुखतात म्हणून पाण्याची घागर मला उचलायला लावणारी हीच बाई.

दुपारी मिशन शाळेचे योहान मास्तर आले. गावात तेवढ्या एका माणसाशी मला पोटभर भांडता येतं. म्हणाले, ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आहे. बन्सी पाटलांनी सगळ्या जागा बोलाचालीत वाटून टाकल्या, म्हणजे मतदानाची कटकट नको. आमच्या पेठ आळीची जागा राधाकृष्ण शेठला दिली.

"तुम्ही उभे राहा," मास्तर म्हणाले.

"मास्तर, उन्हात फिरून आलात का?"

"पीरमहंमद, नुसतं कुरकुरायला आपल्याला आता परवानगी राहिलेली नाही. राज्य आपलं आहे म्हणतात. तर बघू तरी आपलं आहे का."

मी त्यांना चहा पाजून घालवला. पण ते गेल्यावर माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. गावाच्या मनात काय आहे ते कळायला याहून सरळ रस्ता कोणता? लोकांनी निवडून दिलं, तर मी इथला. पाडलं, तर मुकाट्याने मशीन बांधायचं आणि शमशेरबरोबर निघायचं. संध्याकाळी मास्तरांना हाक मारून दुकानातच हे सांगितलं आणि कुणाजवळ बोलू नका अशी शपथ घातली. ते म्हणाले, "हे काही निवडणुकीला उभं राहण्याचं कारण नव्हे." म्हटलं, माझं तेच आहे.

मेहताब आत भाकऱ्या थापत होती.

२२ जानेवारी

पाथर्डीच्या कचेरीत जाऊन उमेदवारी अर्ज भरून आलो. कारकुनाने नाव, धंदा, वय विचारलं आणि शिक्का मारला. मी शिक्का दोनदा वाचून पाहिला, आणि त्याला जांभया.

घरी पोचतो तो राधाकृष्ण शेठ दारात. शेठच्या कोटाचा उजवा खांदा नेहमी उतरलेला असतो, कारण त्या खिशात दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा. गोड बोलले. "जावईबापू, कशाला डोक्याला ताप करून घेता? माघार घ्या. कापड आलं की पयलं तुमच्या हाती देतो."

खरं लिहितो, मी विरघळलो होतो. 'बरं' म्हणायला तोंड उघडलंच होतं, एवढ्यात मेहताब चहा घेऊन बाहेर आली. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, पण तिचं डोकं तापलं किंवा मनात काही पक्कं ठरलं की ती गावची मराठी बोलायला लागते. म्हणाली, "शेठ, म्हंजी कापड यायचंय का आलंय?"

शेठ म्हणाले, "अगं बाई, वरूनच न्हाई तर मी कुठून आनू?"

"मग ह्यांना पयलं कुठून देनार?"

शेठने चहा अर्धा टाकला आणि गेले. पुरुष बोलत असताना मध्ये तोंड घालू नये, असं मी तिला चांगलं खडसावलं. ती "बरं" म्हणाली आणि भांडी घासायला गेली. शेठला तिचे शब्द लागले, तेव्हा माघारीचं बोलणं तुटलं ते तुटलंच. म्हणजे आता मी उभा आहे.

३० जानेवारी

या बाईचं पाऊल घरात ठरत नाही. विचारलं तर म्हणते, "झंपरांची मापं घ्यायला जाते." अगं, गावात कापडाचा तुकडा नाही आणि मापं कसली घेतेस? म्हणते, कापड आल्यावर घाई नको. तिला धंद्यातलं काही कळत नाही, पण मन गुंतलं आहे तर असू दे. इथून जावं लागलं तर याच बायकांसाठी रडेल.

मी स्वतः तीन-चार घरी मत मागायला गेलो. काय बोलायचं ते सुचेना. एका घरी सदऱ्याची उसवलेली बगल दिसली, ती तिथंच बसून टाचून दिली आणि मत मागायचं विसरून आलो.

६ फेब्रुवारी

आज शाळेच्या पटांगणात सभा झाली. ही मास्तरांची टूम. दोन्ही उमेदवारांनी बोलायचं आणि लोकांनी विचारायचं. गावात असं कधी झालं नव्हतं. पुरुष पुढे बसले. बायका पार मागे, कुंपणाजवळ.

शेठ गांधीजींवर बोलले, बराच वेळ बोलले. मग माझी पाळी. तिसगावच्या रस्त्याबद्दल मी चांगलं तयार करून नेलं होतं, पण उभा राहिलो आणि सगळं पुसलं गेलं. तेवढ्यात मागून भागूबाई ओरडली. कोपऱ्यावर भाजी विकते, आवाज भलता मोठा.

"दाजी, रस्त्याचं ऱ्हाऊ द्या. निवडून आल्यावं कापडाचं आन् घासलेटाचं काय करनार, ते सांगा!"

मला काय सांगायचं ते ठाऊक नव्हतं. पहिलं सुचलं ते बोललो. "रेशनच्या दुकानात माल आला की त्याच दिवशी गावात दवंडी पिटवायला लावीन. किती आलं आणि माणशी किती मिळायचं, ते सगळ्यांच्या कानावर घालीन."

मग मागच्या बाजूने अशा टाळ्या पडल्या की मी मागे वळून बघितलं, कुणी दुसरं आलंय की काय. एवढ्या साध्या गोष्टीवर टाळ्या कसल्या, ते मला अजून कळलेलं नाही. रस्त्याचं भाषण फुकट गेलं याची चुटपुट लागली आहे. शेठ मात्र सभा संपायच्या आत उठून गेले. बहुधा तब्येत बरी नसावी.

घरी आल्यावर मेहताबला विचारलं, "भागूबाईला हे कुणी सुचवलं असेल?" म्हणाली, "तिला कशाला कोन सुचवतंय."

११ फेब्रुवारी

घोळ झाला आहे. मतदान चावडीवर ठरलं. पुरुषांपैकी कुणाच्या डोक्यातही आलं नाही की आमच्या गावात सुना चावडीची पायरी चढत नाहीत. चढणं सोडा, चावडीसमोरून जातानासुद्धा वहाणा हातात घेऊन, पदर ओढून, खाली बघत जातात. वर पाटील बसलेले, दीर-सासरे बसलेले. कायद्याने मत दिलं, पण पेटी ठेवली ती अशा जागी, जिथं सुनांनी आयुष्यात पाऊल टाकलेलं नाही.

बायकांचा घोळका मास्तरांकडे गेला आणि पेटी शाळेत ठेवा असा अर्ज लिहून घेतला. सगळ्यांनी अंगठे उठवले. बायकांना एकदम अर्ज करायचं सुचलं तरी कसं, हे मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, "तुमचा चष्मा बदलायला झालाय." माझी नजर तर चांगली आहे, सुईत दोरा अजून पहिल्या झटक्यात जातो.

१६ फेब्रुवारी

पाथर्डीहून उत्तर आलं. जागा जाहीर झाली आहे, आता बदलता येणार नाही. संपलं. पुरुषांची मतं शेठकडे जाणार, कारण निम्म्यांची त्याच्याकडे उधारी. बायका घरी बसणार.

मशीनसाठी पेटी करायला सुताराला सांगावं म्हणतो. मेहताबला उत्तराचं सांगितलं, तर तिने चुलीतली लाकडं सारखी केली आणि छबूबाईंकडे जाऊन येते म्हणाली. छबूबाई म्हणजे बन्सी पाटलांची थोरली बहीण. नवरा वारल्यावर माहेरी परत आलेली. पाटील गावाला दटावतात आणि छबूबाई पाटलांना. मेहताब आणि ती लहानपणी एकत्र सागरगोटे खेळायच्या. म्हटलं जा, मन मोकळं करून ये.

२० फेब्रुवारी

रात्र बरीच झाली आहे, तरी लिहितो.

सकाळी चावडीवर चादरीच्या आडोशाला दोन पेट्या मांडल्या. शेठच्या पेटीला पिवळा कागद, माझ्या पेटीला निळा. पाथर्डीचे अव्वल कारकून खुर्चीवर. बन्सी पाटील बारीक डोळे करून खांबाला टेकून बसलेले. पुरुष आले, चिठ्ठ्या टाकून गेले. कुणी माझ्याकडे बघून हसलं नाही. मी मनात एकेकाची चिठ्ठी पिवळ्या पेटीत टाकत होतो.

दुपार व्हायला आली तरी एक बाई नाही. सगळ्या समोर मारुतीच्या पाराखाली जमलेल्या, पण जागच्या हलत नव्हत्या. मी उठलो. आता सुताराकडे जावं म्हणून वहाणा घातल्या.

तेवढ्यात छबूबाई पाराखालून निघाल्या. वहाणा पायातच. डोक्यावर पदर नाही, कारण त्या गावच्या लेक. लेकीला चावडीचा धाक नसतो, लहानपणी त्या याच पायरीवर खेळलेल्या. थेट पायरीपाशी आल्या. त्यांच्या हातात भागूबाईच्या थोरल्या सुनेचा हात. सुनेने पदर पार नाकापर्यंत ओढलेला.

पाटील म्हणाले, "अक्का, सुना चावडीवं येत न्हाईत."

"आपल्या आपन न्हाई येत. करवलीनं हाताला धरून आनली तर येती का न्हाई? तुझी बायकू पयल्यांदा आपल्या घरात आली, तवा कुनी आत घेतली रं बन्सी?"

"तू घेतलीस."

"मग! ज्या हातानं घरात घेतली, त्याच हातानं चावडीत घेते. सर बाजूला."

पाटलांनी अव्वल कारकुनांकडे बघितलं. कारकून म्हणाले, हाताला धरून पायरीपर्यंत आणायला हरकत नाही, पेटीपाशी मात्र एकटीने जायचं. पाटील उठले, उपरणं झटकलं आणि म्हणाले, "मी जरा मळ्यात जाऊन येतो." बाकीचे दीर-सासरेही मग एकेक करून उठले. सुनेसमोर बसून राहायचं तरी कसं.

मग जे सुरू झालं ते मी जन्मभर विसरणार नाही. गावच्या जेवढ्या लेकी गावात होत्या, संक्रांतीला माहेरी येऊन राहिलेल्या, विधवा, घरी बसलेल्या, म्हाताऱ्या, सगळ्या पुढे आल्या. एकेक लेक एकेका सुनेचा हात धरून पायरी चढवायची, खाली यायची, पुढची न्यायची. लग्नघरासारखा गलका. कुणी हसत होती, कुणी रडत होती. एक म्हातारी सासू, जी स्वतः कधीकाळी सून म्हणूनच आलेली, पायरीवर मध्येच उभी राहिली आणि म्हणाली, "अगं बया, हितून तर समदं गाव दिसतंय!"

मेहताबसुद्धा होती. ती या गावचीच लेक, हे त्या गडबडीत मी विसरूनच गेलो होतो. किती वेळा वर-खाली केलं कुणास ठाऊक. गुडघ्यांचं नाव नाही.

संध्याकाळी पेट्या उघडल्या. मी निवडून आलो. आणि नुसत्या बायकांच्या जोरावर नव्हे. कारकून म्हणाले, बायका आल्या त्याहून निळ्या पेटीत बऱ्याच जास्त चिठ्ठ्या निघाल्या, म्हणजे सकाळीसुद्धा तिथं पडल्या होत्या. सकाळी तर सगळे पुरुषच होते.

मी चावडीच्या कठड्याला धरून उभा राहिलो. रडू आलं ते लपवता आलं नाही, आणि लपवावंसं वाटलंही नाही. कित्येक महिन्यांनी छाती भरून श्वास घेतला. छबूबाई जवळ येऊन म्हणाल्या, "जावईबापू, डोळं पुसा. गाव हसंल." गाव हसत होतंच. मीही हसलो.

२१ फेब्रुवारी

सकाळी उशिरापर्यंत झोपलो. एवढी गाढ झोप भाद्रपदानंतर पहिल्यांदाच. शेठ येऊन पेढा देऊन गेले आणि म्हणाले, कापडाचे गठ्ठे कालच आले बरं का, योगायोग बघा. म्हटलं, खरंच योगायोग. दवंडीवाल्याला बोलावणं पाठवलं.

२५ फेब्रुवारी

दुकानात पाय ठेवायला जागा नाही. दवंडी झाल्यापासून बायका कापड घेऊन येताहेत आणि प्रत्येकीचं माप मेहताबला तोंडपाठ आहे. गावाने मला मनातून सोडलं होतं म्हणावं, तर दिवाळीपासून सगळ्यांनी शिवण माझ्यासाठीच राखून ठेवलेली दिसते. माणसाचं मन कळणं कठीण, हेच खरं.

मास्तर बघायला आले आणि गर्दी बघून दारातच हसत उभे राहिले.

२७ फेब्रुवारी

शमशेर आला. त्याला सांगितलं, मी येत नाही, पंच झालो आहे. तो थोडा रुसला, मग दोन दिवस राहतो म्हणाला आणि काजं करायला बसला.

तो बाहेर गेल्यावर आज मेहताबला सगळं सांगून टाकलं. आता भीती गेली, तर लपवायचं कशाला. ती दारात बसून ज्वारी पाखडत होती. मी म्हणालो, "तुला काळजी नको म्हणून बोललो नव्हतो. पण मी मनाशी ठरवलं होतं. हरलो असतो तर गाव सोडून मुंबईला जायचं."

तिने सूप थांबवलं नाही. म्हणाली, "म्हाईत हुतं मला."

"कसं?"

"पडद्याला कान नसत्यात, मला हायेत."

मी जरा ओशाळलो. म्हटलं, "बरं झालं, जिंकलो. नाहीतर तुला तुझं गाव सोडावं लागलं असतं."

आता तिने सूप खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, अगदी शांतपणे. "हरला असता तर तुमी गेला असता. मी न्हाई."

आणि पुन्हा पाखडायला लागली.

एवढी वर्षं संसार झाला, आणि ही मला एकट्याला मुंबईला धाडायला निघाली होती! मग मनात आलं, मी गेलोच असतो आणि तिकडे खानावळीत जेवत बसलो असतो, तर माझं काय झालं असतं? नुसत्या विचाराने अंगावर काटा आला. अल्लाची मेहेरबानी, थोडक्यात वाचलो. मेहताबला तसं म्हणालो, तर ती तोंडाला पदर लावून हसत सुटली, ते काही केल्या थांबेना.